भिंतीबाहेरचे एक्केचाळीस

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी सात वाजून बावन्न मिनिटांनी नदीचा लोंढा लष्करी स्मशानभूमीच्या दक्षिण भिंतीवर आदळला. आमची प्लॅटून तिथून बारा मिनिटं आधी निघाली होती. भिंतीबाहेर एक्केचाळीस कबरी होत्या.

मी तेव्हा राज्याच्या नॅशनल गार्डमध्ये, इंजिनिअर कंपनीत स्पेशलिस्ट या हुद्द्यावर होतो. काम सर्व्हेचं. नागपूरहून नोकरीसाठी अमेरिकेत आलो, ग्रीन कार्ड मिळाल्यावर भरती झालो. गार्डमध्ये एरवी प्रत्येक जण आपापली नोकरी करतो, महिन्यातला एक वीकएंड ड्रिल असतं, आणि पूर-वादळ आलं की हजर व्हावं लागतं. मिसिसिपीच्या एका उपनदीकाठच्या गावात आम्ही तीन दिवस वाळूच्या गोण्या रचत होतो. चार तास काम, दोन तास झोप.

आदेश एका ओळीचा होता: स्मशानभूमी वाचवा. नकाशात स्मशानभूमीची हद्द म्हणजे दगडी भिंत. गोण्यांची रांग भिंतीला लागून उभी राहिली. सात वाजून पाच मिनिटांनी काम संपलं.

सात-दहाला रेडिओवर कॅप्टन बोलले. वरचा बंधारा झिरपतोय. सात-चाळीसला ट्रक निघतील. हेडकाउंट द्या, किती जण हजर ते.

आमच्या प्लॅटूनचे प्रमुख लेफ्टनंट ब्रॅडी यांनी हेडकाउंट दिला. सगळे हजर. आमचे स्क्वॉड लीडर, स्टाफ सार्जंट हॉलिस, त्याच गावचे. ते शांतपणे म्हणाले, "सर, भिंतीबाहेर एक्केचाळीस पुरलेले आहेत. ते आपल्या नकाशात नाहीत."

यादवी युद्धात गुलामगिरीतून पळून येऊन उत्तरेच्या सैन्यात भरती झालेले ते सैनिक. त्यांच्या रेजिमेंटला बंदुकांआधी फावडी मिळाली. त्यांनी इतरांसाठी खंदक खणले आणि ते तापाने मेले. गोऱ्या सैनिकांना उंचावर, भिंतीच्या आत पुरलं. यांना खाली उतारावर. दगड घोट्याएवढे. काहींवर फक्त पहिलं नाव आणि हुद्दा, बहुतेकांवर नुसता नंबर. हॉलिस यांचे खापरपणजोबा एकोणतीस नंबरखाली होते. घरात तो नंबर तोंडी जपला गेला होता.

आमचं घर दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत गावकुसाबाहेर होतं. भिंतीबाहेर म्हणजे काय, हे मला समजावून सांगावं लागलं नाही.

"सार्जंट, गोण्या संपल्या," ब्रॅडी म्हणाले.

"गोण्या नकोत, सर. मेश्राम द्या, आणि त्याचं यंत्र."

मेश्राम म्हणजे मी. दगड वाहून गेले, तर कोण कुठे होता हे कुणालाच कळणार नव्हतं. प्रत्येक दगडाचं जीपीएस रीडिंग घेतलं, तर जागा तरी राहणार होती. ब्रॅडींनी कॅप्टनना विचारलं. उत्तर आलं: ट्रक थांबणार नाहीत.

सात-चौदाला आम्ही उतारावर होतो. ब्रॅडींनी भिंतीजवळच्या रांगेकडे बोट दाखवलं. एकोणतीस तिथेच होता. हॉलिस म्हणाले, "नदीकडून. ते आधी वाहून जातील."

ते हाताने चिखल पुसून नंबर सांगायचे, मी जीपीएसची काठी दगडावर उभी धरायचो, ब्रॅडी वहीत लिहायचे. एका दगडाला तीस सेकंद. मी काठी सरळ आहे का ते दाखवणारा लेव्हलचा बुडबुडा नीट करत होतो, तेव्हा हॉलिस म्हणाले, "हायवेचे एक्झिट चुकवतोस आणि इथे सेंटिमीटर मोजतोस." मी हसलो. यंत्र हललं. रीडिंग पुन्हा घेतलं.

ओकच्या झाडाखाली तीन दगड होते. तिथे सॅटेलाइटचा सिग्नल तुटला. दोन मिनिटं गेली. ब्रॅडी म्हणाले, हे सोडून भिंतीकडची रांग घेऊ. मी हॉलिसकडे पाहिलं.

"थांब. घे. ओळ मोडू नको."

त्या तिघांना सात मिनिटं लागली.

भिंतीपाशी पोचलो तेव्हा झिरपलेलं पाणी पोटरीपर्यंत होतं. दगड दिसत नव्हते. हॉलिस पाण्याखाली हाताने चाचपून नंबर वाचत होते. रेडिओ वाजला. सात-चाळीस. अडतीस झाले होते, तीन राहिले होते.

"सार्जंट, एकोणतीस कुठे आहे? दाखवा, मी पळत जाऊन घेतो," मी म्हणालो.

"ट्रकमध्ये बस," हॉलिस म्हणाले.

पाणी अकरा दिवसांनी उतरलं. भिंतीच्या आतली एकही कबर हलली नव्हती. गोण्यांच्या रांगेने प्रवाह वळवला होता आणि तिच्या पायथ्याशी माणूसभर खोल चर पडला होता. भिंतीजवळची कबरींची शेवटची रांग त्या चरात गेली.

आमच्या रीडिंगवरून अडतीस जागा पुन्हा आखल्या गेल्या. दर मेमोरियल डेला, म्हणजे युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनी, हॉलिस त्या ओळींमधून चालतात. जिथे नाव आहे तिथे नाव आणि हुद्दा म्हणतात: आयझॅक, प्रायव्हेट. मोझेस, प्रायव्हेट. टॉम, कॉर्पोरल. जिथे नाव नाही तिथे नंबर.

एकोणतीस नंबरचा दगड नदीच्या प्रवाहाच्या दिशेने खाली दोन मैलांवर, सोयाबीनच्या रिकाम्या शेतात सापडला. तो स्मशानभूमीच्या ऑफिसात ठेवला आहे. कबरीची जागा निश्चित झालेली नाही.