स्टँडिंगची दोन तिकिटं

आमचा म्हातारा नवी मुंबईत येतोय, ही बातमी नातीनं दिली तेव्हा मी मेथी निवडत होते. 'आमचा म्हातारा' म्हणजे माझा नवरा नव्हे. तो समोरच सोफ्यावर, टीव्हीचा रिमोट छातीवर ठेवून झोपला होता. हा दुसरा. परदेशातला, गिटारवाला, खरखरीत गळ्याचा. माझ्या विशीत त्याचे केस खांद्यावर रुळायचे. आता आहेत तेवढे पांढरे आहेत, पण गळा अजून तसाच, लोखंडी पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा.

"आजी, नेरूळच्या स्टेडियममध्ये आहे कॉन्सर्ट. शेवटची टूर म्हणतायत."

मी मेथी टाकून फोन उचलला आणि करंजाड्याला माझ्या मैत्रिणीला लावला.

ही मैत्रीण म्हणजे पनवेलच्या कॉलेजातली माझी बाकावरची सोबतीण. कोकणी मुसलमानांच्या घरातली. तिच्या भावानं आखातातून टेपरेकॉर्डर आणला आणि त्याबरोबर आमच्या ह्या गायकाची एक कॅसेट. तिच्या घरी माजघरात बसून, तिच्या अम्मीच्या हातची सांदणं खात आम्ही ती कॅसेट झिजवली. शब्द निम्मे कळायचे नाहीत. मी मात्र सगळं कळत असल्यासारखी डोळे मिटून मान हलवायचे. कॉलेजात इंग्रजीत मला बरे मार्क असत, त्यामुळे इंग्रज लोकांच्या मनात काय चालतं हे मला ठाऊक आहे, अशी माझी पक्की समजूत होती. आता वाटतं, डोळे मिटून मान हलवणाऱ्या त्या मुलीला कोणीतरी दोन फटके द्यायला हवे होते.

"येतोय तो," मी फोनवर म्हटलं.

पलीकडून ती म्हणाली, "ह्या टायमाला खराच येतोय ना गो? का परत पान्यावाला?"

हे पान्यावाल्याचं प्रकरण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या कॉलेजच्या दिवसांत तो एकदा मुंबईत आला होता. आम्ही घरी काय थापा मारल्या ते सोडा. मी त्या दिवसासाठी खास बेलबॉटम शिवून घेतली होती, तीही शाळेच्या मुलांच्या खाकी चड्ड्या शिवणाऱ्या शिंप्याकडून. त्यामुळे तिचा एक पाय घंटेसारखा आणि दुसरा नळकांड्यासारखा झाला होता. डोळ्यांवर गॉगल. आम्ही एसटीनं मुंबईला गेलो आणि दुपारीच मैदानावर पोचलो. गेट उघडल्या उघडल्या पहिल्या आत. पुढे जाऊन गवतावर बसलो. थोड्या वेळानं स्टेजवर एक केसाळ, दाढीवाला माणूस आला. त्यानं गिटार खाजवली, ड्रमवर दोन थापा मारल्या, माइकमध्ये "वन टू, वन टू" म्हणाला.

मी किंचाळले. उभी राहिले. मैत्रिणीची ओढणी ओढून घेऊन फिरवली. रडलेसुद्धा.

"गाना का नाय म्हणत तो?" मैत्रिणीनं विचारलं.

"अगं, आधी मूड लावतो. मोठ्या कलाकारांचं असंच असतं," मी म्हणाले.

त्यानं आमच्याकडे बघून हात हलवला. त्याच्या हातात पाना होता. मला वाटलं, तेही काहीतरी वाद्य असणार. मग त्यानं ड्रमवर प्लास्टिक टाकलं आणि निघून गेला. मी घड्याळ बघितलं आणि जाहीर केलं, "संपलं. इंग्रज लोकांचे कार्यक्रम वेळेवर सुरू होतात आणि वेळेवर संपतात. चल, एसटी गाठू."

बाहेर पडताना समोरून माणसांचा लोंढा आत येत होता. मला त्यांची इतकी दया आली! "बिचारे," मी म्हणाले, "उशिरा आले."

एसटी स्टँडवरचे सगळे बाक भरलेले, आमचे पाय गळालेले. मग आम्ही एकमेकींच्या पाठीला पाठ लावून उभ्या राहिलो. दोघींचं ओझं दोघींवर. गाडीला चिक्कार उशीर झाला, पण आम्हाला कळलंही नाही, कारण मी तेवढ्या वेळात कॉन्सर्टचं समीक्षण करत होते. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. गुळगुळीत दाढी केलेला, पांढऱ्या सुटातला माणूस, रात्री गाताना. मैत्रिणीनं फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि ती जी हसायला लागली ती अजून थांबलेली नाही. माझ्या लग्नात अक्षता टाकतानाही तिनं कानात "वन टू, वन टू" म्हटलं होतं.

तर त्याला खरोखर बघायचं राहूनच गेलं होतं. दोघींचंही. आणि आता ही शेवटची टूर.

तिकिटं मीच काढणार, असा मी हट्ट धरला. नात म्हणाली, "आजी, मी कॉलेजातून येईपर्यंत थांब." पण मी कशाला थांबतेय! फोनवर स्टेडियमचं चित्र आलं, त्यात रंगीबेरंगी चौकोन. स्टेजला अगदी खेटून असलेला चौकोन मोकळा दिसला, एकही खुर्ची दाखवलेली नाही. मला आनंदाचं भरतं आलं. आमच्या सोसायटीच्या गणपतीत पुढची मोकळी जागा म्हणजे सतरंजीची जागा. दुपारीच जाऊन सतरंजी अंथरायची, चार कोपऱ्यांवर चार चपला ठेवायच्या, की संध्याकाळी ऑर्केस्ट्रा सुरू होईपर्यंत ती जागा आपली. खुर्च्या मागे, त्या वर्गणीदारांना आणि ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांना. मी झटकन दोन तिकिटं काढली. कपाटावरची निळ्या पट्ट्यांची सतरंजी काढून उन्हात टाकली. मैत्रिणीला फोन करून सांगितलं, "तू लोड आण. पाठीला बरा पडेल."

नात घरी आली. तिनं बाल्कनीतली सतरंजी बघितली, फोन बघितला आणि कपाळाला हात लावला.

"आजी, ही स्टँडिंगची तिकिटं आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे उभं राहायचं. अख्खा शो. तिथे कोणी बसत नाही. बसलं तर वरून तुडवत जातील."

"मग सतरंजी?"

"गेटवरच काढून घेतील. आणि आजी, लोड? खरंच लोड?"

बसायची तिकिटं तोवर संपली होती. नातीनं सगळीकडे शोधलं, नाही मिळाली. माझं ठीक होतं, मी रोज मार्केटला पायी जाते. पण मैत्रिणीचा उजवा गुडघा गेली काही वर्षं वाटेल तेव्हा संप करतो. डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, ती 'ईदनंतर' म्हणते, आणि कुठली ईद ते सांगत नाही. तिला तिथं उभं करणं म्हणजे तिचा छळ आणि तिला सोडून मी जाणं म्हणजे माझा. तिच्याशिवाय मी त्याला बघितला काय आणि न बघितला काय.

त्याच संध्याकाळी तिच्या मुलाचा फोन आला. त्याचं पावण्याच्या एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, लोखंडी जाळ्या आणि गेट बनवतो. मला खाला म्हणतो आणि सख्ख्या मावशीला बोलावं तसा बोलतो.

"खाला, काय चाललंय तुमचं? अम्मीला स्टँडिंगमध्ये उभी करणार? तुमी दोघींनी वयं बघा ना जरा!"

"अरे, तू एखादं घडीचं स्टूल बनवून दे की. हलकंसं."

"दिलं असतं. तुमच्या नातीनंच सांगितलं, स्टूल आत घेत नाहीत. तिकीट द्या कोनाला तरी."

मागून मैत्रिणीचा आवाज आला, "कोनाला देऊ? तुझ्या सासऱ्याला?"

व्हीलचेअरची काही सोय होते का ते विचारू, असंही त्यानं सुचवलं. त्यावर ती भडकली. "खुर्चीवर बसवून मना कोपऱ्यात नेऊन लावतील कुंडीसारखी. नाय यायची मी." बराच वेळ मायलेकांची जुंपली. मी फोन कानाला लावून ऐकत होते, मजा येत होती. शेवटी मुलानं अट घातली. त्याच्यासमोर तिनं एक अख्खी कॅसेट उभं राहून ऐकून दाखवायची. दोन्ही बाजू. जमलं तर तो स्वतः आम्हाला स्टेडियमला सोडणार. नाही जमलं तर विषय बंद, तिकीट दुसऱ्याला.

परीक्षा जुईनगरला, आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर ठरली, रविवारी संध्याकाळी. सेक्रेटरीकडून गच्चीची किल्ली मागताना 'योगासनं' असं कारण सांगितलं. मैत्रीण मुलाच्या गाडीतून आली. पायात नवेकोरे, जांभळ्या नाड्यांचे बूट, वर सलवार-कमीज, आणि हातात ती जुनी कॅसेट. वाजणार कशावर हा प्रश्नच होता, फक्त नजर लागू नये म्हणून आणलेली. नातीनं तीच गाणी त्याच क्रमानं फोनवर लावली आणि गोल डब्यासारखा स्पीकर टाकीच्या कठड्यावर ठेवला. मुलगा पालथ्या बादलीवर परीक्षकासारखा बसला.

पहिलं गाणं दोघींनी ऐटीत काढलं. दुसऱ्यात ती डाव्या पायावर आली. तिसऱ्यापासून तिचे ओठ आवळलेले, आणि तरी ती ठेका धरल्याचं दाखवत होती.

"ए बाजू संपली," ती म्हणाली. "आता कॅसेट पलटायला टाइम दे."

"अम्मी, फोन पलटायला लागत नाय."

"पयल्या काळी टाइम लागायचा ना? मग नियमानं द्यायला पायजे."

मुलगा हसला नाही. तो बादलीवरून उठायला लागला. मला ते उठणं दिसलं आणि आतून लख्ख कळलं की आता हा 'बस झालं' म्हणणार, तिला हात धरून जिन्यानं खाली नेणार, आणि ती आयुष्यभर माझी चेष्टा करत राहील पण ह्या दिवसाचं नाव काढणार नाही.

मी तिच्या मागे गेले, वळले, आणि माझी पाठ तिच्या पाठीला लावली.

तिनं एक श्वास सोडला आणि सगळा भार माझ्यावर टाकला. बाई गं! तेव्हा आम्ही दोघी बांबूच्या काठ्या होतो, आता दोघींची तांदळाची पोती झाली आहेत. पण पोती एकमेकांना जास्त चांगली टेकतात, हे मला त्या दिवशी कळलं. तिची पाठ मऊ, गरम, आणि गाण्याबरोबर थोडी डुलणारी. तिचा गुडघा निवांत झाला.

"यस्टी आली का गो?" तिनं विचारलं.

"यायचीय," मी म्हणाले.

बी बाजू पार पडली. शेवटचं गाणं तर आम्ही मोठ्यानं म्हटलं, निम्म्या शब्दांच्या जागी नुसतं गुणगुणत. खालच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "कसली योगासनं चाललीत?" मुलगा परत बादलीवर बसला होता आणि तोंडावर रुमाल धरून हसत होता.

"पास," तो म्हणाला. "पन खाला, एक सांगा. असं पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या, तर स्टेज एकीलाच दिसनार. दुसरी काय बघनार, मागचे डोके?"

हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

लगेच भांडण पेटलं. मी म्हटलं, एक गाणं तुझं, एक माझं. मधे वळायचं. नातीनं वळून दाखवायला सांगितलं, तर पहिल्या खेपेला मी डावीकडे आणि ती उजवीकडे फिरली. दोघी टाकीवर आपटणार होतो, मुलानं धरलं. मग नात मोजायला लागली, आणि आम्ही पाठी न सोडता, जात्यासारख्या, हळूहळू गोल फिरायला शिकलो. चौथ्या-पाचव्या प्रयत्नात जमलं. आता रोज संध्याकाळी मी दाराच्या चौकटीला पाठ लावून एकटीच सराव करते. नवरा रिमोटमागून बघतो आणि काही विचारत नाही. सुज्ञ आहे.

पण त्या दिवशी गच्चीवर एकच मुद्दा उरला होता. सुरुवातीला स्टेजकडे तोंड कोणाचं? मी म्हटलं, माझं. बातमी मी दिली, तिकिटं मी काढली, पाठ मी लावली.

"अजिबात नाय," मैत्रीण म्हणाली. बुटाची जांभळी नाडी लेकाकडून बांधून घेत होती. "पयला मी बघनार. तोच हाय, का पान्यावाला, ते नीट बघून तुला सांगेन. मी सांगीपर्यंत टाळी वाजवायची नाय."