आबांनी चाखलेली चिमूट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही – नवऱ्यालाही नाही. त्याला सांगितलं असतं तर तो आधी पोट धरून हसला असता आणि मग आठवडाभर बोलला नसता.

मी जळगावात एका प्रयोगशाळेत काम करते. जनुक बिचारं एकटं पेशीत शिरू शकत नाही, दारातच अडतं. म्हणून त्याला एका पॉलिमरमध्ये गुंडाळायचं, म्हणजे पेशी ते पुडकं आत घेते. त्या पॉलिमरवर रासायनिक प्रक्रिया करून ते अधिक भरवशाचं करायचं, एवढंच माझं काम. साधं आहे ना? अडचण एकच – ते पॉलिमर म्हणजे एक पावडर, आणि ती कोळंबीच्या टरफलांपासून बनते.

आणि माझे सासरे, आबा – चोपड्याचे केळीवाले शेतकरी, चाळीस वर्षांचे माळकरी. त्यांच्या घरात अंड्याचं नावसुद्धा हळू आवाजात घेतात. मला बघायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "बेटा, तुनी पावडर कसानी बनस?"

मुलगा मला आवडला होता. मी काय कोळंबी म्हणणार होते? "केळीच्या खांबापासून," मी म्हणाले. आबांचा चेहरा असा खुलला की लग्न तिथेच ठरलं.

नंतर खरं सांगू, असं ठरवलं होतं. पण आबा दर महिन्याला एसटीने खांबांची गोणी घेऊन यायला लागले – स्वतः सोललेले, धुतलेले. "संशोधनले कमी पडाले नको." त्यांची बस सुटली की मी ती गोणी शेजारच्या गोठ्यात म्हशींपुढे रिकामी करायचे. माझ्या संशोधनाचा सगळ्यात ठोस निकाल म्हणजे त्या म्हशींचं दूध.

इथवर हसलात तर हसा, मीही हसायचे. पण मला सांगायचंय ते हे नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी आबा न कळवता थेट प्रयोगशाळेत आले. टेबलावर बरणी होती, माझ्या दोन महिन्यांच्या मेहनतीची पांढरी पावडर. "हाईच का?" मी मान हलवली. त्यांनी चपला काढल्या, बरणीला हात जोडले. शेतातलं पहिलं पीक कपाळाला लावून जिभेवर ठेवायचं, ही त्यांची रीत – पुढे काय होणार ते मला कळलं. वेळही होता. झाकण घट्ट होतं, त्यांना दोनदा जोर लावावा लागला. प्रयोगशाळेत काही चाखायचं नसतं, एवढा नियम सांगितला असता तरी ते थांबले असते. पण नियम सांगितला की ते 'का' विचारणार, आणि त्या 'का'ला मी घाबरले. सुनेची अब्रू जपली मी – कुणाच्या जिवावर?

त्यांनी चिमूट कपाळाला लावली आणि तोंडात टाकली.

"चव नही," ते म्हणाले, "पन गुन व्हई."

मी विचारलं, "आबा, चहा घेणार?"

त्यांना काही झालं नाही. ठणठणीत आहेत, परवाच येऊन गेले. त्यांचं चाळीस वर्षांचं व्रत मोडलंय, हे फक्त मला माहीत आहे. बाहेर कुठेही गेले तरी आबा दहादा चौकशी केल्याशिवाय काही तोंडात घालत नाहीत. माझ्या घरी मात्र एकही प्रश्न न विचारता जेवतात.