एकवीस अक्षरांची ओळ

बोरिवलीच्या माझ्या मित्राने मला फसवलं. मी केलेला खेळ त्याने दाखवला आणि माझी जागा घेतली. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं वाचून काही जण म्हणतील की चूक थोडी माझीही होती. म्हणू देत.

खेळ होता छोट्या कॉम्प्युटरवरचा. आज घरोघरी असतात ते कॉम्प्युटर नव्हेत. हा तळहाताएवढा, वर एका ओळीची काच, त्या ओळीत चोवीस अक्षरं मावणार. ऐंशीच्या दशकात असली यंत्रं आमच्यापर्यंत यायची ती दुबईहून परतलेल्या कुणाच्या तरी बॅगेतून. घाटकोपर स्टेशनजवळ माझं घड्याळ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं चार फुटांचं दुकान होतं. मुलुंडचे एक गृहस्थ हे यंत्र बिघडलेला कॅल्क्युलेटर समजून घेऊन आले. बिघडलं काहीच नव्हतं, त्यांना ते वापरता येत नव्हतं. मी ते सांगितलं नाही. तीन दिवस घासाघीस करून त्यांच्या दोन घड्याळांच्या दुरुस्तीत आणि एका जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये ते माझं करून घेतलं.

मी दहावी पास. वडील गिरणीत होते, त्यापुढे शिकवणं त्यांना झेपलं नसतं. यंत्रासोबतचं इंग्रजी पुस्तक मी शब्दकोश मांडीवर ठेवून वाचलं आणि बेसिक नावाची भाषा शिकलो. कुणी शिकवली नाही. गिऱ्हाईक नसलं की माझे अंगठे त्या बारीक बटणांवर चालत असत, आणि गिऱ्हाईक आलं की मला त्याचा राग येई.

अंधेरीला एका शिकवणीच्या रिकाम्या वर्गात रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण जमायचो. प्रत्येकाकडे असलंच काहीतरी यंत्र. कुणी विम्याचा हप्ता काढणारा प्रोग्रॅम आणायचा, कुणी क्रिकेटचा खेळ. चौकटीच्या वहीत लिहून आणायचं आणि दुसऱ्याने हाताने उतरवून घ्यायचं, असा रिवाज. त्यात एक नियम होता आणि तो मीच भांडून लावला होता. पहिली ओळ करणाऱ्याच्या नावाची. बेसिकमध्ये ‘रेम’ लिहून पुढे काहीही लिहिलं की यंत्र ती ओळ सोडून देतं, ती फक्त माणसांसाठी असते. प्रोग्रॅम उतरवणाऱ्याने ती ओळही उतरवायची. सुधारणा केलीत तर दुसऱ्या ओळीत तुमचं नाव घाला, पण पहिलीला हात लावायचा नाही.

बोरिवलीचा मित्र मला तिथेच भेटला. बी.एस्सी., सरकारी कचेरीत कारकून, बोलायला गोड. एका रविवारी तो मला खाडीपलीकडे गोराईला घेऊन गेला. जाताना होडीतून नीट पोहोचलो, परतताना ओहोटी लागली आणि होडी चिखलात रुतून बसली. तास-दीड तास आम्ही उन्हात बसलो होतो. मला एका जागी बसवत नाही. मी नावाड्याशी वाद घातला, की पाणी उतरणार हे तुला आधी कळायला नको? तो म्हणाला, ‘मला कळतं. तुम्हीच उशिरा आलात.’ मग त्याने हिशेब सांगितला. आमच्या कोकणातल्या घरीही तोच सांगायचे. तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहाला, चतुर्थीला तीनला.

त्या चिखलातच मला खेळ सुचला. ओळीच्या डाव्या टोकाला बोरिवलीचा धक्का, उजव्या टोकाला गोराई, मधे एक फुली म्हणजे होडी. सुरुवातीला यंत्र तिथी आणि वेळ विचारणार. बटण दाबून वल्हं मारायचं. पाणी उतरायच्या आत पलीकडे गेलात तर जिंकलात, नाहीतर रुतलात. चोवीस अक्षरांच्या काचेत मी खाडी बसवली होती. असलं कुणी केलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात मित्राने बातमी आणली. अंधेरीत नवा कॉम्प्युटर क्लास निघाला होता, त्यांना बेसिक शिकवणारा माणूस हवा होता. डिग्रीची अट नव्हती, स्वतः केलेलं काहीतरी आणून दाखवा एवढंच म्हणणं होतं. क्लासचे सर त्याच्या ओळखीचे होते. मला ती जागा हवी होती. किती हवी होती हे मी तेव्हा घरीही बोललो नाही. गिऱ्हाईक मला ‘ए घड्याळवाले’ म्हणायचं. खडू हातात घेऊन फळ्यासमोर उभं राहावं आणि समोरच्यांनी सर म्हणावं, हे डोक्यात शिरलं आणि त्या दिवसापासून स्क्रू-ड्रायव्हर हातातून निसटायला लागला.

मित्र शनिवारी दुकानात आला. म्हणाला, आधी मी सरांना दाखवतो, मग तुला भेटवतो. मी वाचत गेलो, तो त्याच्या यंत्रात उतरवत गेला. शेवटची एक ओळ उरली आणि यंत्राने मेमरीतली जागा संपल्याची खूण दाखवली. माझ्याही यंत्रात तेच झालं असतं, कारण भरतीचा तो हिशेब मी आदल्या दिवशीच वहीत वाढवला होता आणि नीट मोजलं नव्हतं. चौदा अक्षरं जास्त होत होती.

मी म्हणालो, उद्यापर्यंत थांब, कुठूनतरी वाचवतो. तो म्हणाला, सर उद्या सकाळीच भेटणार आहेत. भरती काढून टाक. मी म्हणालो, भरती काढली तर राहिलं काय? त्याने माझी वही स्वतःकडे ओढली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

‘ही एकवीस खाते. ही काढ ना.’

‘ती नावाची ओळ आहे.’

‘अरे, यंत्र ती वाचत पण नाही. नाव मी तोंडानं सांगतो. विश्वास नाय काय रे?’

समोरच्याने मोजून दाखवल्याशिवाय मी कधी साधी टाचणीही घेतली नाही. त्या दिवशी मी माझ्या हाताने ती ओळ खोडली. होडी पलीकडे गेली. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि गेला.

रविवारी तो आमच्या वर्गात आला नाही. सोमवार, मंगळवार काही कळलं नाही. मी दुकानातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून दुकानात फेऱ्या मारत होतो. एका बाईंच्या घड्याळात उलटा सेल घातला. बुधवारी दुपारी शटर ओढलं आणि अंधेरीची बस धरली. क्लासच्या दाराला काच होती. आत मित्र फळ्यावर बेसिक शिकवत होता.

मी आत गेलो आणि जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये घेतलं आणि त्याला विचारलं, हा खेळ कुणी केला?

तो म्हणाला, ‘आम्ही दोघांनी.’

मी टेबलावर हात आपटला. ‘दोघांनी? तू काय केलंस?’

‘जागा मीच काढून दिली ना,’ तो शांतपणे म्हणाला. ‘नाहीतर मावत तरी होतं का यार?’

सर व्यवहारी होते. म्हणाले, ज्याचा असेल त्याने इथे बसून पुन्हा टाकावा. मला तेच हवं होतं. माझं यंत्र मी सगळं पुसून कोरं केलं. वही काढली नाही, सगळं पाठ होतं. पण पहिली ओळ मी नावाची टाकली. मावणार नाही हे मला ठाऊक होतं. तरी त्या खोलीत, त्या माणसासमोर, माझ्या नावाशिवाय सुरुवात करणं माझ्याने झालं नाही. टाकता टाकताच मी वाचवत गेलो. ‘होडी रुतली’चं फक्त ‘रुतली’ केलं, दोन ओळी जोडल्या, एक आकडा वगळला. नऊ अक्षरं वाचली. पाच उरली. शेवटच्या ओळीला यंत्र अडलं.

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. मित्र हळूच म्हणाला, ‘नाव काढ रे. चालेल.’

मी म्हणालो, नाही काढणार.

त्याने खिशातून स्वतःचं यंत्र काढलं आणि एक बटण दाबलं. माझी होडी सरांच्या डोळ्यांसमोर गोराईला लागली. सरांनी मला समजुतीने सांगितलं की आम्हाला चालणारा प्रोग्रॅम हवा.

ती पाच अक्षरं मला दुसऱ्या दिवशी दुकानात बसल्या बसल्या, चहा थंड व्हायच्या आत सापडली. नावासकट होडी चालली. तसाच उठून अंधेरीला गेलो. सर म्हणाले, जागा भरली आहे, आता काय उपयोग. घरी बायकोला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पण ओळ तुम्हीच खोडलीत ना?’ दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही.

हो, मीच खोडली. वायद्यावर माल दिला. वायदा त्याने केला होता, त्यामुळे जबाबही त्यानेच द्यायचा.

तू हे वाचशील. तुझ्या हाताखालून शेकडो मुलं शिकून गेली, असं ऐकतो. चांगलं शिकवतोस असंही ऐकतो, ते मला जास्त झोंबतं. मला ती खुर्ची आता नको, आणि ‘दोघांनी’ हा शब्द तर अजिबात नको. एवढंच सांग. त्या केबिनमध्ये तुझ्याकडे चालणारी होडी होती, सर तुझं ऐकत होते, आणि मी समोर पाच अक्षरांसाठी घाम गाळत बसलो होतो. तेव्हा माझं नाव घ्यायला तुला किती जागा लागणार होती? दुकान तिथेच आहे, सकाळी दहाला उघडतं. ये, आणि समोर बसून सांग.