अवेळी आलेली ओहोटी

सगळे तिला मोजणीबाई म्हणायचे. धक्क्याच्या टोकाला तिची खोली. खोलीतून एक जाड पाइप खाली समुद्रात उतरलेला, पाइपात तरंगणारा डबा. पाणी चढलं की डबा चढायचा आणि त्याला दोरीनं जोडलेली लेखणी फिरत्या कागदावर रेघ ओढायची. रोज सकाळी देवाचं नाव घेऊन बाई नवा कागद लावायची. बावीस वर्षांत एक दिवस चुकला नाही.

एक बारीकशी कटकट मात्र कायमची. दरवर्षी रेघ केसभर खाली उतरायची. वरच्या कार्यालयातून पत्र यायचं: शेवाळ धरून डबा जड झाला असेल, साफ करून लेखणी जागेवर आणावी. बाई डबा घासायची, लेखणी केसभर वर सरकवायची, सही करायची.

तिची धाकटी नणंद शिंपल्या वेचून विकायची. रोज खिडकीतून डोकं आत घालायची. "काय गं वहिनी, तुझ्या समुद्राचा आजचा हुकूम काय?"

"दुपारी दोनला ओहोटी. तोवर जरा केस विंचर, झिपरे!"

त्या दिवशी दहाच्या सुमारास जमीन हलली. हलायची थांबेचना. बाईची रोजची प्रार्थना पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून झाली, तरी कपाटं नाचतच होती. मग सगळं गप्प. भिंती उभ्या, माणसं धड. घाबरलेले लोक हसायलाही लागले.

बाईनं सांडलेली शाई पुसली. पंधरा-वीस मिनिटांनी रेघ भसकन खाली गेली, कागदाच्याही खाली.

"तुटली वाटतं दोरी मेली!" म्हणत ती बॅटरी घेऊन पाइपावर वाकली.

दोरी शाबूत होती. डबा तळाच्या ओल्या वाळूत आडवा पडला होता. पाइपात पाणीच नव्हतं.

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. कधी न दिसलेले खडक उघडे पडले होते, होड्या कुशीवर झोपल्या होत्या. आणि धक्क्याखाली, उघड्या तळावर पार आतपर्यंत गेलेली, टोपली घेतलेली नणंद.

"वहिनी, चुकलीस की गं शेवटी! ही बघ ओहोटी, चार तास आधी!"

डबा चुकेल, लेखणी चुकेल, आपणही चुकू. समुद्र वेळ चुकत नाही. मग ही ओहोटी नव्हेच.

"टाक ती टोपली! टेकडीवर पळ!"

नणंद हसत उभीच. मग तिला दिसलं, जिना उतरताना दहादा 'आई गं' म्हणणारी वहिनी अनवाणी धावत येतेय. तिचं हसू जागच्या जागी थिजलं. टोपली हातातून गळली.

दोघी टेकडीच्या पायऱ्या अर्ध्या चढल्या, तेव्हा तो आला. लाट कसली, अख्खा समुद्रच उठून चालत आला होता. खोली गेली, होड्या छपरांवरून गेल्या.

दहाव्या दिवशी वरच्या कार्यालयातून मोजणीचे साहेब आले. टेकडीवरच्या शाळेच्या ओट्यावर त्यांनी एका तळव्याखाली दुसरा तळवा सरकवून दाखवला.

"समुद्राखाली जमिनीचा एक थर असा दुसऱ्याखाली घुसतो. पण घुसताना अडकतो. वरच्या थराची पुढची कड खाली ओढली जाते आणि मागचा भाग, म्हणजे तुमचा किनारा, हळूहळू फुगून वर येतो. एक दिवस अडकलेलं सुटतं. ती कड उसळून वरचं सगळं पाणी उचलते, किनारा धपकन खाली बसतो. म्हणून इथं आधी पाणी ओसरलं, मग चालून आलं. तुमचा धक्का हातभर खचलाय, बाई."

"किनारा वर येत होता?" बाईनं विचारलं. "म्हणजे माझी रेघ..."

"बरोबर होती. समुद्र उतरत नव्हता, जमीन चढत होती."

"आणि मी ती दरवर्षी सरकवत होते."

साहेबांनी मान खाली घातली. "आम्हीच तसं कळवत होतो."

नणंद समुद्राकडे पाठ करून बसली होती. तिनं विचारलं, "वहिनी, आज ओहोटी कधी?"

"रात्री नऊ वाजून पस्तीस मिनिटांनी."

"नक्की?"

बावीस वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. बाई उठली आणि समुद्र दिसेल अशा पायरीवर जाऊन बसली.