क्रिटिकल हाच शब्द

मुलांनो, आमच्या प्रायोगिक अणुभट्टीचा इतिहास छापला जातोय. तिच्या कंट्रोल रूममध्ये मी तरुणपणी काम केलं, म्हणून एक प्रकरण मी लिहिलं. काल त्या पुस्तकाचा संपादक इथे सिल्व्हर पार्क सोसायटीत आपल्या घरी आला आणि म्हणाला, "काकू, 'अणुभट्टी क्रिटिकल झाली' हे वाक्य बदललंय. वाचकांना वाटेल, स्फोट होणार होता."

"मग काय लिहिलंत?"

"'अणुभट्टी सुरू झाली'."

मुलांनो, सुरू तर मिक्सरही होतो. क्रिटिकल होते तेव्हा आतली अणू फुटण्याची साखळी प्रक्रिया आपल्याच बळावर एकसारखी चालू राहते. त्या क्षणासाठी आम्ही कित्येक महिने खपलो होतो. त्या संध्याकाळी मी घरी येऊन 'झाली एकदाची क्रिटिकल!' एवढंच म्हटलं, तर तुमच्या पणजीने काळजीने विचारलं, "कुठल्या हॉस्पिटलात आहे?" मग मी अर्थ समजावला. ती चौथी शिकलेली, तरी तिला कळला.

"वाचकांनाही कळेल," मी संपादकाला म्हटलं. "अर्थाच्या चार ओळी वाढवते. पण शब्द काढणार असाल, तर माझं प्रकरण परत द्या."

"एका शब्दासाठी एवढं, काकू?"

"हो," मी म्हटलं आणि त्या चार ओळी त्याच्यासमोरच लिहायला घेतल्या.