पंधरा शनिवार

ताजुद्दीन मुलाणींना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. वर्कशॉपमध्ये त्यांच्यासाठी एक खुर्ची होती, पण तिच्यावर सहा वर्षं पुसायच्या चिंध्या आणि तेलाचा डबाच बसून होता. सगळे त्यांना मामा म्हणत, आणि मामा आपले बेंचांमधून येरझाऱ्या घालत असायचे. कुणाचा खांदा सरळ कर, कुणाच्या हातातली कानस काढून घे आणि उलटी करून परत दे, असं चाललेलं.

आंबीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ते फिटिंग शिकवायचे. घर कुसगावला. आयटीआय करून एकोणीस वर्षं त्यांनी कारखान्यात काढली. कारखाना बंद पडला तेव्हा ते इकडे आले, तेही वर्षाच्या करारावर. दर एक जुलैला नवं पत्र मिळायचं. त्यामुळे जून लागला की मामांच्या येरझाऱ्या वाढत.

पहिल्या वर्षाच्या प्रत्येकाला लोखंडाचा एक चौकोनी तुकडा कानशीने घासून बरोबर काटकोनात आणावा लागतो. त्याला म्हणतात ‘जॉब’. मामा त्या जॉबच्या कडेला काटकोन तपासायचा गुण्या लावत आणि दोन्ही खिडकीसमोर धरत. लोखंड आणि गुण्या यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की जॉब परत.

“काय उजेड पाडलाय बघ,” एवढंच म्हणत. कॉलेजात नापास व्हायलाही मुलं आता ‘उजेड पडला’ म्हणू लागली होती.

मे महिन्यात वलवणच्या सृष्टीने एक जॉब आणून दिला. आरशासारखा चकचकीत. गुण्या लावला, उजेड नाही. मामांनी तो हातात घोळवला, डोळ्यांजवळ नेला.

“तू डावखुरी ना गं?”

“हो मामा.”

“मग ह्या रेघा उजव्या हाताच्या कशा? बघ, सगळ्या तिकडं कलल्यात. कुणी घासून दिला?”

सृष्टीने आधी ओठ चावले, मग डोळे पुसले. चुलतभाऊ चाकणला फिटर होता. मामांनी तिची तक्रार केली नाही. नवा तुकडा कापून तिच्या हातात दिला. “उजेड पडला तर पडू दे. पन तुजा पडू दे.”

त्यानंतर तिचे दोन जॉब परत गेले. ती तिसऱ्यावर होती.

वीस जूनच्या शुक्रवारी दुपारी प्रज्ञेश सर वर्कशॉपमध्ये आले. वय तिशीचं, बोलणं गोड, हातात हिरव्या कापडी बांधणीचं रजिस्टर. सोमवारी कॉलेजचं मूल्यांकन करायला समिती येणार होती आणि आठवडाभर प्रज्ञेश सर फायलींच्या मागे धावत होते.

“मामा, तुमच्या फक्त सह्या हव्यात. ‘मानवी मूल्ये आणि चारित्र्य’. अनिवार्य विषय आहे. शिकवणाऱ्या मॅडम जानेवारीत सोडून गेल्या, तास राहून गेले. आपण ते श्रममूल्य म्हणून वर्कशॉपमध्ये दाखवतोय. पंधरा शनिवार, दोन-दोन तास.”

“पन सर, शनवारी तर वर्कशॉप बंद असतं.”

“म्हणून तर शनिवार घेतले. दुसऱ्या कुठल्या तासाशी भांडण नको.” सर हसले. “घरी न्या, निवांत करा. तुमच्या पत्राचं मी स्वतः बघतोय, काळजी करू नका.”

जुन्या हायवेने घरी येताना मामांनी गाडी तीनदा थांबवली. एकदा कामशेतला चहासाठी, पण अर्धा चहा तसाच टाकला. पुढे दोनदा तर कशासाठी थांबलो हेही त्यांना कळलं नाही. डिकीतल्या रजिस्टरला कुणी हात लावेल, असं उगीच वाटत राहिलं.

घरी आल्यावर त्यांनी ते ओट्याच्या कडेवर उघडलं आणि उभ्याउभ्याच सह्या सुरू केल्या. एक मार्च. आठ मार्च. कारखान्यात हजेरीचा पंच मारायचे तशा, खालच्या ओळीकडे न बघता. पटकन संपवलं की विचार करायला नको. चौदा झाल्या. त्यांची बायको मेहरुन भाकरी थापता थापता वाकून बघत होती.

“अहो, ही शेवटची तारीख काय हाय? सात जून?”

“व्हय.”

“त्या दिवशी तुमी कालेजात व्हता?”

मामांचा पेन थांबला.

“बकरी ईद व्हती की! तुमी मागल्या दारी मटण कापत व्हता. आन त्ये ग्वाड बोलनारे सर तुमचे, काय नाव त्यांचं, आपल्याच घरात पंगतीला बसून दोनदा रस्सा मागून घेत व्हते.” मेहरुनने पिठाचा हात पदराला पुसला आणि ओळ नीट वाचली. “काय शिकवलं म्हनं त्या दिवशी? ‘सत्य आणि पारदर्शकता’. अगं बाई!”

ती हसत सुटली. मामांनाही हसू आलं. हसता हसता त्यांची नजर वरच्या चौदा सह्यांवर गेली. ईदचा शनिवार तेवढा खोटा आणि बाकीचे चौदा खरे, असं थोडंच होतं? ते ओट्यापासून दारापर्यंत गेले, परत आले.

“बसा की जरा,” मेहरुन म्हणाली.

“बसवत न्हाई.”

समितीमुळे शनिवारीही कॉलेज चालू होतं. व्हरांड्यात टेबल मांडून पहिल्या वर्षाच्या पोरांकडून हजेरीच्या सह्या घेणं चाललं होतं. पोरं हसत खिदळत पंधरा-पंधरा सह्या ठोकत होती. सृष्टी मात्र रांगेतून बाहेर आली आणि तरातरा वर्कशॉपमध्ये शिरली.

“मामा, खरं सांगा. तुम्ही केलीत सही?”

मामा पुढल्या बेंचकडे वळले, तिथून मागल्याकडे. ती त्यांच्या मागोमाग.

“नाही, म्हणजे, तुम्ही केली असेल तर मीही करते. मग त्या चकचकीत जॉबवर का रडवलंत मला, तेवढं सांगा.”

मामा थांबले. वर्कशॉपमध्ये ते असे मध्येच थांबले की पोरं घाबरत. त्यांनी खुर्चीवरचा तेलाचा डबा खाली ठेवला, चिंध्या सारल्या आणि चक्क बसले. रजिस्टर मांडीवर घेतलं. पहिल्या सहीवर आडवी रेघ मारली आणि पुढे लिहिलं, ‘तास झाला नाही’. मग दुसरीवर. चौदाच्या चौदा. पंधराव्या ओळीत लिहिलं, ‘ईदची सुट्टी. मी घरी होतो.’ त्याच्याखाली मात्र पूर्ण नावाची सही केली.

“केली सही,” ते म्हणाले. “आता तुजं तू बघ.”

सृष्टी परत रांगेत गेली नाही.

प्रज्ञेश सरांनी पान उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “मामा, अहो, अख्खं रजिस्टर वाया घालवलंत! कागदच असतात हे. कोण वाचतं?”

“माज्या बायकोनं वाचलं, सर.”

“आणि मी काय तुमचा शत्रू आहे? तुमच्या घरी जेवलोय मी.”

“त्याच दिवशी जेवलात,” मामा म्हणाले. “म्हनून तर सांगतोय.”

सर रजिस्टर मिटून निघून गेले. दोन तासांत नवं रजिस्टर तयार झालं. त्यावर इलेक्ट्रिकल शिकवणाऱ्या गोरखने सह्या केल्या. सोमवारी समिती आली, फायली बघून गेली. वर्कशॉपमध्ये कुणी डोकावलंसुद्धा नाही.

तीस तारखेला कराराची पत्रं वाटली. मामांचं नव्हतं. ऑफिसातून निरोप आला, “या वर्षी फिटिंगची जागा भरायची नाही असं ठरलंय. पाच वाजेपर्यंत किल्ल्या जमा करा.” मामा हत्यारांची मोजदाद करू लागले. गुण्ये सोळा, कानशी एकेचाळीस. आकडा चुकला, पुन्हा पहिल्यापासून. उद्या सकाळी गाडी कुठल्या दिशेला काढायची हा विचार मध्येच शिरे आणि आकडा परत चुके. मेहरुनला अजून सांगायचं होतं.

चारच्या सुमाराला सृष्टी आली. तिला निरोपाचं कळलं असावं, कारण दारातच घुटमळली. हातात तिसरा जॉब होता. रेघा सगळ्या डाव्या हाताच्या, थोड्या वेड्यावाकड्या.

“सबमिशन उद्या आहे मामा. पण म्हटलं, तुम्हालाच दाखवावा.”

मामांनी हात पुढे केला. तिने जॉब दिला नाही. स्वतःच गुण्या उचलला, कडेला लावला, खिडकीसमोर धरला आणि एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिली.

“उजेड आहे,” ती म्हणाली. “खालच्या कोपऱ्यात. केसाएवढा.”

मामांनी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं.

“मग हुबी का? बांध व्हाइसला, घास अजून,” ते म्हणाले आणि बेंचांमधून चालू लागले. “पाचपर्यंत हाय मी हितं.”