हेमराजचा गुडघा

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, क्लबातल्या जुन्या दोस्तांना नाही. वेळ आली नव्हती असंही नाही — दोनतीनदा अगदी ओठापर्यंत आलं होतं आणि मी दुकानातल्या पोराला चहा सांगून यायला पाठवलं. तुम्ही मला ओळखता ते वेगळ्याच कारणासाठी. म्हणून आधी तेवढंच सांगतो, मग बाकीचं बोलायला सोपं जाईल — जाईल का?

दरवर्षी आमच्याकडे धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू असते त्या दिवसांत फुटबॉलचा एक मोसम संपलेला असतो आणि दुसरा सुरू व्हायचा असतो. मोठे व्यावसायिक संघ तेव्हा खेळाडू सोडतात, नवे घेतात. मी त्याबद्दल लिहितो. कोण गेला, कोण आला, आलेला कामाचा आहे की नुसता नावाचा, आणि एवढं करून कुठली जागा रिकामीच राहिली. गोंदियात राइस मिलचे पट्टे आणि बेअरिंग विकणाऱ्या माणसानं असलं लिहावं, याचं सुरुवातीला लोकांना हसू यायचं. मग मी लिहिलेलं खरं ठरायला लागलं. नागपूरचा एक पेपर छापायला लागला, मोबाइलवर फिरायला लागलं. लोक म्हणायचे, हा माणूस भीड ठेवत नाही. मलाही ते आवडायचं. खोटं कशाला बोलू — फार आवडायचं.

शब्दाला वजन आलं ते असं. वजन नसतं तर पुढचं काही झालंच नसतं.

दुकान सांभाळून मी गावातल्या क्लबाची टीमही बघायचो. मी स्वतः त्याच क्लबाकडून बारा वर्षं खेळलेलो. हेमराज आमचा लेफ्ट बॅक होता, डावीकडचा बचाव सांभाळायचा. केशोरी गावचा, शेतकरी घरातला. हंगामात इथल्या मिलमध्ये काम करायचा, खोली करून राहायचा आणि रोवणीला गावी जायचा. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. बोलायला कमी. पण डाव्या पायानं असा पास द्यायचा की घेणाऱ्याला पाऊल बदलावं लागायचं नाही. समोरचा विंगर अंगावर धावून आला तरी हा घाई करायचा नाही. तो नेमका चुकेल त्या क्षणाची वाट बघायचा आणि बॉल काढून घ्यायचा. असा खेळाडू मी आमच्या जिल्ह्यात दुसरा बघितला नाही. हे मी त्याला कधी बोललो नाही. कागदावरही कधी उतरवलं नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात एका सामन्यात त्याचा उजवा गुडघा मुरगळला. सूज आली. तीन आठवड्यांत उतरलीही. मी स्वतः त्याला मैदानाच्या पायऱ्या चढायला-उतरायला लावलं, एका पायावर बसवून उठवलं, पळताना वळायला लावलं. गुडघा ठीक होता. हे मला माहीत होतं. 'वाटलं होतं' नाही — माहीत होतं.

मग खेळ बंद असण्याचे दिवस आले. आमचा गोलकीपर रेल्वेत लागला आणि बिलासपूरला गेला. मधला बचाव सांभाळणारा रायपूरच्या टीमकडे गेला. मोठ्या संघांत कोण गेला, कोण आला याची मी जी वही ठेवतो तशी आमच्या क्लबाचीही ठेवायचो. त्या वर्षीच्या पानावर जागोजागी प्रश्नचिन्हं होती. एकाच जागेपुढे नव्हतं, ते हेमराजच्या.

त्याच आठवड्यात मुंबईकडच्या एका व्यावसायिक संघाबद्दल माझा लेख आला. त्यांनी तीन फॉरवर्ड घेतले होते आणि लेफ्ट बॅक सोडून दिला होता. त्याच्या बदल्यात कोणी नाही. मी लिहिलं, की पुढे कितीही गोल करा, डावीकडचं दार उघडं ठेवून झोपलात तर काय उपयोग?

चौथ्या दिवशी दुपारी दुकानात फोन आला. त्या संघाचा सहायक प्रशिक्षक. कोल्हापूरकडचा माणूस, मोकळा बोलणारा.

"तुमचा लेख वाचला," तो म्हणाला. "बरोबर आहे तुमचं. पण डावखुरा लेफ्ट बॅक मिळतोय कुठं आम्हाला? तुमच्याकडं एक पोरगा आहे असं कानावर आलंय. हेमराज का कोण?"

नाव मी सांगितलं नव्हतं. ते त्याच्यापर्यंत आधीच पोचलं होतं. म्हणाला, ट्रायलला बोलावतो, आठ दिवस ठेवून बघतो, चांगला निघाला तर करार करू. मग विचारलं, "फक्त एक सांगा, दुखापत वगैरे? तुम्ही खरं बोलता म्हणून तुम्हालाच विचारतोय."

मी थांबलो. किती वेळ? दोन श्वास असतील. एवढ्यात माणूस काय काय करू शकतो बघा.

"गुडघा आहे त्याचा," मी म्हणालो. "उजवा. अर्धा मोसम काढेल, पुढचं सांगता येत नाही."

तो हळहळला, आभार मानले आणि फोन ठेवला. मी गिऱ्हाइकाला पट्टा मोजून दिला. इंचभरही चुकलो नाही. चुकायला हवं होतं ना?

बरीच वर्षं मी स्वतःला समजावलं की क्लबासाठी केलं. दोघं गेले होते, तिसरा गेला असता तर टीम उभी राहिली नसती. हे खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. पुरतं खरं सांगायला मला आत्तासुद्धा जड जातंय. चोवीसचा असताना मी राइट विंगला खेळायचो आणि गोंदियात सगळे म्हणायचे, हा वर जाणार. कोणाचाच फोन आला नाही. एकदाही नाही. आणि आज माझ्याच दुकानात, माझ्याच फोनवर कोणीतरी अधीर होऊन एका चोवीस वर्षांच्या खेळाडूबद्दल विचारत होतं, आणि तो खेळाडू मी नव्हतो. त्या दोन श्वासांत मला क्लब आठवला नाही. मला फक्त एवढंच वाटलं — याला काऊन? यालाच का?

बस. एवढंच होतं ते.

हेमराज त्या वेळी केशोरीला बांधीत, भाताच्या खाचरात, चिखलात उभा राहून धानाची रोपं, परे, लावत असेल. त्याला कळलंच नाही.

पण एकदा बोललेलं खोटं तिथंच राहत नाही, त्याची देखभाल करावी लागते. त्या प्रशिक्षकानं आणखी कोणाला विचारलं तर? म्हणून मी क्लबात हळूहळू सांगायला लागलो की हेमराजच्या गुडघ्याकडे लक्ष द्यायला हवं. तो रोवणी आटोपून परत आला तेव्हा मी त्याच्यासाठी गुडघ्याचा पट्टा आणून ठेवला होता.

"कायले, सर?" तो म्हणाला. "दुखत तं नाही ना जी."

"दुखत नाही तोवरच काळजी घ्यायची असते," मी म्हणालो.

त्यानं पट्टा बांधला. मी सांगितलं म्हणून बांधला. सरावात मी त्याला मधूनच बसवायचो, सगळ्यांसमोर विचारायचो, गुडघा कसा आहे? विचारून विचारून मी त्याच्या डोक्यात तो गुडघा दुखता केला. त्याची आई रोज संध्याकाळी मोहाच्या बियांचं तेल गरम करून त्याच्या गुडघ्याला चोळायची. तो गावी असला की. मी एकदा केशोरीला गेलो होतो तेव्हा माझ्या डोळ्यांदेखत चोळत होती. "सर, तुमच्यामुळं पोराचा पाय वाचला," असं म्हणाली आणि मला त्यांच्या बांधीतले नवे तांदूळ बांधून दिले. मी घेतले. घरी आणून खाल्ले.

इकडे त्या संघानं घाईत दुसराच एक लेफ्ट बॅक घेतला, कामचलाऊ. मोसमभर त्यांच्यावर डावीकडूनच गोल होत राहिले. लोक मला लिहायचे, तुम्ही आधीच सांगितलं होतं. मी त्यांना धन्यवाद म्हणायचो. पुढच्या वर्षीच्या लेखात मी पुन्हा लिहिलं, यांचा डावा बचाव अजूनही उघडाच. माझं मूल्यमापन चुकलं नव्हतं बघा. त्यातली एकही ओळ खोटी नव्हती.

आता जे सांगतो ते फोनपेक्षा वाईट आहे असं मला वाटतं. तुम्ही ठरवा.

दोन मोसम झाले आणि हेमराज बदलला. विंगर अंगावर आला की तो अर्धं पाऊल मागे घ्यायला लागला. उजव्या पायावर भार टाकायला कचरायचा. दुसऱ्या कोणाला दिसलं नसतं, पण माझी नजर त्यातच मुरलेली. मी वहीत लिहिलं: 'लेफ्ट बॅक — टॅकलला घाबरतो. नवा बघावा.' माझ्या अक्षरात आहे ते, अजून आहे. आणि पुढच्या रोवणीच्या दिवसांत मी तिरोड्याचा एक नवा खेळाडू त्याच्या जागी घेतला. ज्या क्लबासाठी म्हणून त्याला अडवलं, त्याच क्लबातून मी त्याला काढलं.

त्याला दुकानात बोलावून सांगितलं. म्हणालो, गुडघ्याला आराम दे आता.

त्यानं बेअरिंगच्या खोक्यांकडे बघितलं. मग म्हणाला, "हव सर. तुमी बरोबरच सांगून राहिले. मलेच भेव वाटते आता." आणि माझ्या पाया पडला. मी त्याला अडवलं नाही. अडवलं तर त्याला संशय येईल, अशी मला भीती वाटली.

तो केशोरीला गेला. शेती करतो. लग्न झालं, एक मुलगी आहे. गावातल्या शाळेच्या मैदानावर मुलींना फुटबॉल शिकवतो, असं ऐकतो. कुणाबद्दल त्याच्या तोंडून वाईट शब्द निघत नाही; माझ्याबद्दल तर नाहीच.

यंदाच्या उन्हाळ्यात तो मोटरसायकलवरून पडला. गोंदियाला येऊन दोन्ही पायांचे एक्स-रे फोटो काढून घेतले. हाड मोडलं नव्हतं. दवाखान्यातून तो सरळ माझ्याकडे आला, हातात त्या फोटोंचा मोठा लिफाफा. हसत होता.

"सर, डॉक्टर म्हणते, उजव्या गुडघ्यात काहीच नाही. जुनी दुखापत कोणती, म्हणते, मले तं दिसून नाही राहिली. मी म्हटलं, आमच्या सरले विचारा." तो आणखी हसला. "तुमी उगाच भेऊन राहिले होते."

मग हसणं थांबलं. रागानं नाही. खरंच कळत नसल्यासारखं त्यानं विचारलं, "मंग मी काऊन भेत होतो, सर? इतके वर्ष?"

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. त्यानं विचारलं होतं आणि उत्तर माझ्याजवळ होतं. आयुष्यात इतकी सोपी संधी कोणाला मिळते? एक वाक्य बोलायचं होतं.

"फोटोत सगळं दिसत नसतं," मी म्हणालो.

त्यानं लिफाफा काखेत धरला. "हव," म्हणाला, "तेही खरं." आणि बस गाठायला निघून गेला.

म्हणजे मी त्याला दोनदा फसवलं. पहिल्यांदा मी एका अनोळखी माणसाशी फोनवर बोलत होतो. दुसऱ्यांदा तो माझ्यासमोर उभा होता.

आता तो एकतिसाव्या वर्षात आहे. एकतिसाव्या वर्षी कुठलाच संघ पहिल्यांदा ट्रायलला बोलावत नाही. हे मला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मी तेच लिहून नाव कमावलं. त्या आठ दिवसांत तो टिकला असता का? मला माहीत नाही. कदाचित नसताही टिकला. ते त्याला कळायला हवं होतं, मैदानावर, स्वतःच्या पायांनी. ते मी ठरवून टाकलं.

या वर्षीच्या संघांबद्दल लिहायला बसलो होतो. कोण गेला, कोण आला. दोन ओळींच्या पुढे गेलं नाही, म्हणून त्या जागी हे लिहिलं. हेमराज माझा प्रत्येक लेख वाचतो. केशोरीत पेपर दुपारी पोचतो, तेव्हा तो हाही वाचेल. तुम्हाला सांगण्याआधी मी त्याच्या घरी जायला हवं होतं. बस रोज आहे. मी गेलो नाही.